घसा बसलेला हॅरिसन आणि मागे उभे असलेले वादक (१९७४)

मुलतानी (धागाकर्ता)

१९७४ साली 'बीटल्स' या इंग्लिश बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनने पंडित रविशंकरांना बरोबर घेऊन अमेरिका-कॅनडाचा दौरा काढला. २ नोव्हेंबरला व्हँकुव्हरला सुरुवात, २० डिसेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेवट. सात आठवड्यांत ४५ कार्यक्रम. १९६६ नंतर एकही बीटल तिकडे दौऱ्यावर फिरकला नव्हता, त्यामुळे तिकीट काढणाऱ्याच्या मनात काय होतं ते सांगायला नको. मिळालं काय? घसा पार बसलेला गायक, बीटल्सची मोजकी गाणी, तीही शब्द बदलून, आणि मध्येच मांडी घालून बसलेला भारतीय वाद्यवृंद. 'डार्क हॉर्स' या नव्या अल्बमच्या नावातला घोडा (हॉर्स) आणि घोगऱ्या आवाजासाठीचा इंग्रजी शब्द (होर्स) यांवर पत्रकारांनी मनसोक्त कोट्या केल्या.

या फजितीवर आजवर भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय ते त्याच्या मागे उभे असलेल्यांबद्दल.

टॉम स्कॉट सॅक्सोफोनवर. त्याचा 'एल. ए. एक्स्प्रेस' हा संच त्याच वर्षी गायिका जोनी मिचेलला साथ करत होता, त्यातूनच रॉबेन फोर्ड हा गिटारवाला आला. वय २२, दौऱ्यातच २३ पूर्ण झाली. बास विली वीक्स, म्हणजे गायक डॉनी हॅथवेच्या १९७२च्या लाइव्ह रेकॉर्डवरचा तो बास. ड्रम्स अँडी न्यूमार्क, आधी स्लाय अँड द फॅमिली स्टोनमध्ये. तालवाद्यं एमिल रिचर्ड्स, ट्रम्पेट चक फिंडली, सॅक्स-फ्लूट जिम हॉर्न. पुढच्या टप्प्यात दुसरा ड्रमर म्हणून जिम केल्टनर येऊन मिळाला. कीबोर्डवर बिली प्रेस्टन, ज्याचं 'नथिंग फ्रॉम नथिंग' दौऱ्याच्या तोंडावरच, ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. साथीदाराचं गाणं ताजं हिट आणि मुख्य गायकाचा घसा बंद, अशी गंमत!

आणि दुसरीकडे कोण? तबल्यावर उस्ताद अल्लारखा, संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया, सारंगी सुलतान खाँ, व्हायोलिनवर एल. सुब्रमण्यम आणि सत्यदेव पवार, विचित्रवीणा गोपाल कृष्ण, सतार कार्तिक कुमार, मृदंगम टी. व्ही. गोपालकृष्णन, तबलातरंग कमलेश मैत्र, शिवाय रिजराम देसाद, हरिहर राव. गायनाला लक्ष्मी शंकर आणि त्यांची मुलगी विजी.

या यादीतल्या कुठल्याही तिघांची मैफल सवाई गंधर्वला लागली असती तर आपण पहाटेपासून रांगेत उभे राहिलो असतो. तिकडे त्यांना 'हे कधी संपणार' म्हणून लोक ओरडत होते.

माझं म्हणणं: दौरा फसला तो घशात आणि आखणीत. वाजवण्यात नाही. ज्यांनी त्या कार्यक्रमांची चोरटी ध्वनिमुद्रणं ऐकली आहेत त्यांनी सांगावं.

पेरूची_फोड

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. कोथरूडकर येईपर्यंत जागा धरून ठेवतो.

कोथरूडचा_बीटल

आलो.

मुलतानीसाहेब, यादी झकास, पण यादी म्हणजे कार्यक्रम नव्हे. लोकांनी हॅरिसन ऐकायला पैसे मोजले होते. बीटल्सच्या काळातलं काय गायलं त्याने? 'समथिंग', 'व्हाइल माय गिटार', 'फॉर यू ब्लू' आणि 'इन माय लाइफ'. यातलं शेवटचं तर मुळात बीटल्समधल्याच जॉन लेननचं. त्यात तो 'देवावर जास्त प्रेम करतो' असं घुसडून गात होता. वर प्रेक्षक थंड आहेत म्हणून मंचावरून त्यांनाच झापत होता आणि 'कृष्ण कृष्ण म्हणा' असा आग्रह धरत होता. 'रोलिंग स्टोन' या संगीतविषयक नियतकालिकात बेन फाँग-टोरेसने धुतला तो उगाच नाही.

शिवाय नवी गाणी लोकांनी ऐकलेलीच नव्हती. एकल रेकॉर्ड नोव्हेंबरच्या मध्यानंतर आली, 'डार्क हॉर्स' हा अल्बम ९ डिसेंबरला. म्हणजे दौरा संपायला आला तेव्हा! हे नियोजन कुणाचं? हॅरिसनचंच. वादक उत्तम असले तरी मालकाचा कारभार ढिसाळ असेल तर ते काय करणार? आणि साथीदारांची तरफदारी करताना त्यांना ज्याने या खड्ड्यात नेलं त्याला सोडून देऊ नका.

ढोलकीवाला_नाना

बीटलभाऊ, वादक काय करणार असं विचारलंत, तर सांगतो. हयात ऑर्केस्ट्रात गेली आहे आमची.

गायकाचा घसा बसला की आमच्याकडे पहिला उपाय म्हणजे स्केल खाली घेणे. भावगीताच्या कार्यक्रमात तर पेटीवाला डोळ्यांनीच विचारतो, काळी दोनची पांढरी एक करू का? तबलजी दुसरा तबला ओढतो, श्रोत्यांना पत्ताही लागत नाही. एका गणेशोत्सवात गायकाला ताप होता, मध्यंतरानंतर अख्खा कार्यक्रम दीड स्वर खाली वाजवला होता आम्ही.

रॉक बँडात हे इतकं सोपं नसतं. गिटारचा पीस मोकळ्या तारांवर बसवलेला असेल तर स्केल बदललं की त्याचा रंगच जातो. सॅक्स आणि ट्रम्पेटवाले लिहिलेलं वाजवतात. तिघा फुंकवाद्यांची सुरावट एका रात्रीत नव्या पट्टीत लिहायची, ती बोटांत बसवायची, आणि वर दिवसाला कधी दोन-दोन खेळ. म्हणून मग दुसरा उपाय: गायकाचं गाणं कमी, वाजवण्याचा भरणा जास्त. कडव्यामधले पीस लांबवायचे. ज्याचा गळा शाबूत आहे त्याला पुढे करायचं.

आता त्या दौऱ्याचा क्रम बघा. पडदा उघडतो तो 'हरीज ऑन टूर' या निव्वळ वाद्यांच्या तुकड्याने. मध्ये टॉम स्कॉटचा स्वतंत्र तुकडा. बिली प्रेस्टनला स्वतःची गाणी: 'विल इट गो राउंड इन सर्कल्स', 'नथिंग फ्रॉम नथिंग', 'आउटा-स्पेस'. त्यात तो कीबोर्ड सोडून नाचायचा आणि हॅरिसनलाही नाचायला लावायचा. यातलं बरंचसं आधीच ठरलेलं असणार, घसा नंतर बसला. पण तशी सोय होती म्हणून ४५ खेळ निघाले.

टोरांटोकर

नाना, घसा नंतर नाही बसला. तालमीतच गेला होता. ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसला ए अँड एम स्टुडिओत दिवसा दौऱ्याच्या तालमी आणि सोबत अल्बम पुरा करण्याची घाई असं चाललं होतं. डॉक्टरी भाषेत स्वरयंत्रदाह. 'डार्क हॉर्स' हे गाणं तिथेच याच संचाबरोबर मुद्रित झालं, त्यामुळे फाटलेला आवाज रेकॉर्डवर कायमचा राहिलाय. त्याआधीचं वर्षही वाईट होतं. बायको पॅटी सोडून गेलेली, पिणं वाढलेलं.

ते गाणं फक्त मागच्यांसाठी ऐका एकदा. फ्लूट, वीक्सचा बास, न्यूमार्कचं ते मोजकं वाजवणं. गायक खरवडतोय आणि बाकी सगळं मखमली.

आमच्या टोरांटोलाही हा दौरा आला होता. इथले जुने लोक भेटतात अधूनमधून, त्यांच्या आठवणी रोलिंग स्टोनपेक्षा बऱ्याच गोड असतात. गावोगावच्या वृत्तपत्रांतली परीक्षणंही सरसकट वाईट नव्हती. एका पाक्षिकाने धुतलं म्हणून पन्नास वर्षं तेच वाक्य फिरतंय.

गौडसारंग

वाखूसा (वाचनखूण साठवली). लक्ष्मी शंकरांचा उल्लेख असलेला धागा क्वचितच दिसतो, म्हणून लिहिते.

दौरा निम्म्यावर असताना, नोव्हेंबरअखेरीस शिकागोमध्ये रविशंकरांच्या छातीत दुखू लागलं. हृदयविकाराचा झटका असं सांगण्यात आलं. रुग्णालयात ठेवलं आणि पुढचे बरेच कार्यक्रम त्यांच्याविना झाले. मग त्या सोळा-एक जणांच्या वृंदाचं संचालन कोणी केलं? लक्ष्मीताईंनी.

विचार करा. समोर अल्लारखा, शिवकुमार, हरिप्रसाद, सुलतान खाँ बसलेले. मागे रॉक बँडचा सरंजाम. पंधरा-वीस हजारांचं आइस हॉकीचं बंदिस्त स्टेडियम. आणि हातवारे करून या सगळ्यांना समेवर आणायचं काम एका गायिकेकडे, जिचं नाव तिकिटावरही नव्हतं. बरं, त्या मुळात नर्तकी! उदयशंकरांच्या संचात भरतनाट्यम शिकलेल्या मुलीने प्रवेश केला, रविशंकरांचे भाऊ राजेंद्र यांच्याशी लग्न झालं, फुप्फुसांच्या आजारामुळे नाच सुटला, मग पतियाळा घराण्याच्या उस्ताद अब्दुल रहमान खाँकडे गाणं शिकल्या. नाचणाऱ्याला ताल अंगात मोजता येतो. माझा अंदाज असा की वृंद सांभाळताना हेच त्यांच्या कामी आलं असणार.

'आय अ‍ॅम मिसिंग यू' नक्की ऐका. रविशंकरांचं इंग्रजी शब्दांचं गाणं, कृष्णासाठी आळवणी, गायलंय लक्ष्मीताईंनी. सप्टेंबर १९७४च्या 'शंकर फॅमिली अँड फ्रेंड्स' या अल्बममध्ये आहे. दौऱ्यात हे गाणं दोन्ही संच एकत्र येऊन वाजवत. 'डिस्प्यूट अँड व्हायलन्स' हा तुकडाही तसाच. कोथरूडकर, तुमचं बीटल्स-बीटल्स चालू द्या, मला विचाराल तर दौऱ्याचा खरा मुद्दा या दोन तुकड्यांत होता.

कोथरूडचा_बीटल

ताई, लक्ष्मी शंकरांना दंडवत. ही संचालनाची बाब दौऱ्यावरच्या लेखांत एका ओळीत उरकतात हे मान्य.

पण मुद्दा तोच ना? हॉकीच्या स्टेडियममध्ये सारंगी! ज्याला हा निर्णय सुचला त्याला सुलतान खाँ कळले होते का?

मायक्रोफोनवाला

यावर माझ्या धंद्यातलं दोन शब्द.

संतूरचा आवाज म्हणजे कलमांचा हलका आघात आणि मागे रेंगाळणारी आस. सारंगीत तर मुख्य तारांपेक्षा तरफा (खालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) अधिक बोलतात. हे पकडायला माइक जवळ आणि संवेदनशील लागतो. तो उघडला की शेजारच्या ड्रमसेटची पत्र्याची थाळी, बासचा गुंजारव, स्पीकरमधून परत येणारा आवाज, सगळं त्यात शिरतं आणि शिट्टी सुरू होते. शिट्टी टाळायला माइक दाबला की तरफा गेल्या, आस गेली, उरला नुसता खडखडाट. त्या काळात वाद्याला चिकटवायचे चांगले पिकअप नव्हते, वादकाच्या कानात बसणारे मॉनिटर तर फार पुढची गोष्ट. एवढ्या मोठ्या पोकळीत तुमचाच आवाज भिंतीवर आपटून उशिरा परत येतो. तबला-मृदंगम-तबलातरंग एकत्र असताना तो उशिरा आलेला ठेका कानावर पडला की लय धरून ठेवायला छाती लागते.

आणि या लोकांना अधूनमधून तंबोरा तरी नीट ऐकू आला असेल का, देव जाणे.

तरी त्या चोरट्या ध्वनिमुद्रणांत वृंद फुटलेला मला कुठे ऐकू आला नाही. दर्जा भिकार आहे, प्रेक्षकातून कुणी कॅसेटवर घेतलेलं. पण समा बरोबर पडतात.

मुलतानी (धागाकर्ता)

मायक्रोफोनवाले, धन्यवाद, हेच हवं होतं.

वृंद का फुटला नाही याचं माझं उत्तर मुंबईत आहे. शास्त्रीय वादक म्हटला की आपण एकटा बसून तासभर आळवणारा कलाकार डोळ्यांसमोर आणतो. ही मंडळी तशी नव्हती. शिवकुमार आणि हरिप्रसाद दोघेही त्या काळात मुंबईच्या सिनेस्टुडिओत नेमाने वाजवत. वीस सेकंदांचा पीस, संगीत-संयोजकाच्या बोटाकडे नजर, चुकलात तर पन्नास जणांचा टेक वाया. अल्लारखांनी तर त्याआधी ए. आर. कुरेशी या नावाने स्वतः चित्रपटांना संगीत दिलं होतं. आणि रविशंकर १९४९ पासून काही वर्षं दिल्ली आकाशवाणीवर वाद्यवृंद बसवण्याचंच काम करत होते. चार-पाच मिनिटांचे बांधीव तुकडे, इशाऱ्यावर सुरू, इशाऱ्यावर बंद, पुढचा राग. १९७४चा तो कार्यक्रम मैफलीपेक्षा मुंबईच्या रेकॉर्डिंगला जास्त जवळचा होता, आणि त्यात हे लोक मुरलेले होते.

हॅरिसनलाही ही मुंबई माहीत होती. जानेवारी १९६८मध्ये तो फोर्टमधल्या एचएमव्ही स्टुडिओत 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी काम करून गेला. त्यात संतूर शिवकुमार शर्मांचं आहे, बासरी आपल्या एस. आर. केंकऱ्यांची, हार्मोनियम आणि तबलातरंग रिजराम देसाद यांचं. 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याची वाद्यंही त्याच मुक्कामात तिथेच मुद्रित झाली. सहा वर्षांनी १९७४च्या दौऱ्यात देसाद आणि शिवकुमार पुन्हा आहेतच. म्हणजे कोथरूडकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, त्याला हे लोक कळले होते. अमेरिकन प्रेक्षक कळला नव्हता.

दौऱ्याआधी सप्टेंबरमध्ये याच वृंदाने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'म्युझिक फेस्टिव्हल फ्रॉम इंडिया' सादर केला, मग युरोपात फिरले. पैसा हॅरिसनच्या धर्मादाय प्रतिष्ठानचा. सभागृहात, फक्त हेच ऐकायला आलेल्या लोकांपुढे. तिथे कुणी 'गिटार कुठे' म्हणून ओरडलं नाही.

पेरूची_फोड

केंकरे! बीटल्सच्या गोष्टीत केंकरे निघाले! आता आमच्या आळीत सांगत सुटतो.

अवांतर: हे सगळं लटांबर १३ डिसेंबरला व्हाइट हाउसमध्येही जाऊन आलं ना? अध्यक्ष फोर्डच्या मुलाने बोलावलं होतं. हॅरिसन, त्याचे वडील, रविशंकर, बिली प्रेस्टन, टॉम स्कॉट. फोटो आहेत जालावर. म्हणजे तोवर रविशंकर परत आलेले दिसतात.

टोरांटोकर

हो, डिसेंबरात परतले.

एक राहिलं. पहिल्या रात्री व्हँकुव्हरला भारतीय भाग कार्यक्रमाच्या ऐन मध्यावर सलग होता आणि लोक कंटाळले. त्यानंतर लगेच क्रम हलवला. आखणी करणारा बिल ग्रॅहम मुरलेला माणूस, त्याला पहिल्या रात्रीच कळलं असणार. पण दौरा सुरू झाल्यावर क्रम हलवायचा म्हणजे सोळा-सतरा माणसं, त्यांच्या बैठका, माइक, सगळं दोन गाण्यांच्या मध्ये आणायचं आणि न्यायचं. याचा ताण वादकांवर येतो, परीक्षणात दिसत नाही.

ढोलकीवाला_नाना

वाद्यं जुळवायचा वेळ! तो धरा की. १९७१ला हॅरिसनच्या बांगलादेश-मदतीच्या कार्यक्रमात लोकांनी जुळवणीलाच टाळ्या दिल्या आणि रविशंकरांनी हसून टोमणा मारला होता. इथे तर संतूर, विचित्रवीणा, सारंगी, दोन सतारी, तबलातरंग. प्रखर दिव्यांखाली कातडं आणि तारा दोन्ही हलतात. तबलातरंगात डझनभर तबले वेगवेगळ्या सुरांत लावलेले असतात, एक उतरला की सुरावट भिकार. कमलेशबाबूंनी रोज ते कसं जमवलं असेल याचा विचार करून मलाच घाम फुटतो.

कोथरूडचा_बीटल

ठीक. वादकांवर माझं काहीच म्हणणं नव्हतं, तुम्ही सगळे मिळून मला व्हिलन करताय.

पण मग एक सांगा. एवढा भारी संच होता तर हॅरिसनने त्या दौऱ्याची लाइव्ह रेकॉर्ड का नाही काढली? आवाज खराब म्हणून, बरोबर? म्हणजे गायकाच्या अब्रूसाठी मागच्या पंचवीस जणांचं काम कपाटात गेलं. 'फॉर यू ब्लू'चं एक रूप पुढे १९८८ला एका मर्यादित आवृत्तीसोबत आलं, अशी तुरळक चिल्लर सोडली तर काही नाही. हा अन्याय तुमच्या लाडक्या जॉर्जनेच केला. पुढे १९९१ला जपानला गेला तेव्हा एरिक क्लॅप्टनचा तयार बँड घेतला, बीटल्सची गाणी नीट गायली, आणि त्याची मात्र दुहेरी रेकॉर्ड लगेच निघाली.

गौडसारंग

हे मात्र पटलं. निदान वृंदाचा भाग वेगळा काढता आला असता. रविशंकरांचा 'म्युझिक फेस्टिव्हल'चा अल्बम १९७६ला आला, पण तो फ्रायर पार्कला, हॅरिसनच्या घरी मुद्रित केलेला, दौऱ्यातला नाही. त्यामुळे लक्ष्मीताईंनी संचालन केलेल्या रात्री ऐकायच्या तर पुन्हा त्या खरखरीत चोरट्या टेपाच.

मुलतानी (धागाकर्ता)

कोथरूडकर, या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने.

मात्र कपाटात गेले म्हणून वादक अडले नाहीत. न्यूमार्क आणि वीक्स त्याच वर्षी डेव्हिड बोवीच्या 'यंग अमेरिकन्स'वर वाजवून आले होते; न्यूमार्क १९८०ला लेननच्या 'डबल फँटसी'वर आहे. रॉबेन फोर्ड पुढे माइल्स डेव्हिसकडे गेला. शिव-हरींनी १९८१ला 'सिलसिला' केला. गोपालकृष्णनांकडे पुढे इळैयराजा शिकले. २००२ला हॅरिसनच्या स्मरणार्थ अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम झाला तेव्हा 'माय स्वीट लॉर्ड' गायला बिली प्रेस्टनच उभा होता आणि ड्रम्सवर केल्टनर होता. ज्यांना त्या दौऱ्याचा राग यायला हवा होता ते लोक तर त्याला सोडून गेले नाहीत.

मायक्रोफोनवाला

कुणाकडे लाँग बीच किंवा फोर्ट वर्थच्या टेपा बऱ्या दर्जाच्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वीक्सचा बास वेगळा काढून ऐकायचा प्रयत्न करतोय, वरच्या पट्टीतला गोंगाट कापला तर बराच मोकळा होतो.

ढोलकीवाला_नाना

बास झाला की तबलातरंगाचंही बघा. शिट्टी राहिली तरी चालेल.